वऱ्हाडच्या सीमेवरील स्त्रीजीवन

वऱ्हाडच्या मैदानातून उत्तरेकडे पाहिले असता क्षितिजावर सातपुड्याची निळसर ओळ दिसते. ही ओळ जेथे जमिनीला टेकते तेथे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा हे गाव वसलेले आहे. संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे पंचक्रोशीत या गावाचे नाव सर्वतोमुखी आहे. गावाच्या दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्याची काळीभोर जमीन पसरली आहे. तो ज्वारीचा आणि कापसाचा मुलूख. उत्तरेस अंबाबरव्याचे अरण्य सुरू होते; तो सागाचा, सालईचा आणि मोहाचा मुलूख. पूर्वेकडून वान नदी डोंगर फोडून मैदानात उतरते. नांगराचे राज्य संपून कुऱ्हाडीचे राज्य जेथे सुरू होते, अशा शिवेवरचे हे गाव आहे.

राज्याच्या सीमेचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे असते. तहनामे असतात, लढायांच्या तारखा असतात, किल्लेदारांची नावे असतात. सोनाळ्याच्या आसपासही या गोष्टींची वाण नाही. अकबराच्या काळी, इ. स. १५९६ च्या सुमारास, वऱ्हाड मोगलांकडे गेला तेव्हा हा टापू नरनाळा सरकारात मोडत असे. नरनाळ्याचा दुर्ग येथून फार लांब नाही. पूर्वेस काही कोसांवर अडगाव आहे. तेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि पुढे सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. त्या प्रसंगी किल्लेदार बेनीसिंग व त्याचे रजपूत सोबती लढून मेले. मरण्यापूर्वी त्यांनी आपल्या स्त्रियांचा जोहार करविण्याचा यत्न केला होता, आणि त्यात तीन-चार स्त्रिया प्राणास मुकल्या, अशी नोंद इंग्रज इतिहासकारांनी केली आहे.

त्या वर्षीच्या वऱ्हाडातील स्त्रियांविषयी इतिहासाने जे लिहून ठेवले ते बहुतेक एवढेच. परंतु त्याच मार्गशीर्षात, त्याच लढाईच्या वाटेवर, शेकडो गावांतून ज्वारी कणसात आलेली होती, कापूस फुटलेला होता आणि सैन्याचे घोडे त्यातून गेलेले होते. पाठोपाठ दुष्काळ आला. दाण्याचे पेव उपसून नेल्यावर घरातल्या पोरांच्या तोंडी काय घालावे, हा प्रश्न ज्यांनी सोडविला, त्या स्त्रियांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. सीमेवरची वस्ती टिकली ती मात्र त्यांच्यामुळे टिकली.

पुरुष एकटा जाऊन राहिला तर ती छावणी होते. स्त्रीने चूल मांडली म्हणजे त्याचे गाव होते. वऱ्हाडी भाषेत गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणतात. काळीचा इतिहास सरकारी दप्तरात पुष्कळ सापडतो. पांढरीचा इतिहास जाते, घागर, चूल आणि पाळणा यांच्या भोवती शोधावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखाची स्थिती विपन्न होती. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश निजामाकडे गेला. नरनाळा आणि गाविलगड मात्र आणखी काही वर्षे भोसल्यांकडे राहिले. राज्ये दोन, वसुली करणारे अनेक आणि संरक्षण करणारा कोणी नाही, अशी रयतेची अवस्था होती. त्यात १८१७-१८ पर्यंत पेंढाऱ्यांचा उपद्रव चालू राहिला. वऱ्हाडातील मोठ्या गावांतून पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची गढी अद्याप उभी दिसते, ती या भयाची खूण होय. धूळ उठलेली दिसली की बायकामुलांनी गढीत शिरावयाचे. डोंगराच्या कडेच्या गावांना दुसरा आसरा अरण्याचा होता. लेकरू काखेत, दाण्याचे गाठोडे डोक्यावर आणि अंगावरचे किडुकमिडुक चुलीच्या राखेत पुरून ठेवलेले, अशा स्थितीत रात्री काढावयाच्या. आणि धाड निघून गेल्यावर परत येऊन जळक्या घरात पुन्हा पहिली चूल पेटवावयाची.

इ. स. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. लूटमार थांबली, १८६१ पासून जमिनीची मोजणी होऊन रयतवारी पद्धतीने खाती बांधली जाऊ लागली. याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली; १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला. पडीत जमिनी वहितीस आल्या. खानदेशातून, नागपूर-वर्ध्याकडून, निजामच्या मुलखातून कुटुंबेच्या कुटुंबे वऱ्हाडात आली. १८६७ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २२ लाख ३१ हजार होती; १८९१ साली ती २८ लाख ९७ हजारांवर गेली. चोवीस वर्षांत ही साडेसहा लाखांची भर पडली. तिच्यात सीमेवर नव्याने चुली मांडणाऱ्या स्त्रिया किती असतील, याची कल्पना करता येईल.

विशेष हे की, याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असाच प्रकार चालू होता. अमेरिकन सरकारने १८६२ साली कायदा करून पश्चिमेकडील ओसाड माळरान वसाहतकऱ्यांना वाटून दिले. तेथील स्त्रियांनी गवताच्या ढेपांची घरे बांधून, लाकूड नसल्यामुळे गव्यांचे वाळलेले शेण जाळून संसार केले. त्यांच्या रोजनिशा व पत्रे पुढे छापली गेली आणि त्या देशाने त्यांचे स्मरण आदराने जतन केले. वऱ्हाडच्या कुणबिणीने पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या जाळून तोच संसार केला. परंतु तिला लिहिता येत नव्हते, आणि जे लिहीत होते त्यांना तिच्या चुलीशी कर्तव्य नव्हते.

त्या स्त्रीचा दिवस पहाटेच्या चांदणीबरोबर सुरू होत असे. प्रथम जाते. घरात दहा माणसे असली तर दहा माणसांची ज्वारी रोजच्या रोज दळावी लागे. कारण ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की कडवट होते. दोघी जावा समोरासमोर बसत, आणि ओवीच्या लयीवर दगड फिरे. महाराष्ट्रातील स्त्रियांचे बहुतेक काव्य या दगडापाशी जन्मले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ते काव्य श्रमाचा भार हलका करण्यासाठी जन्मले, ही गोष्ट विसरतो. विसाव्या शतकात तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची चक्की आली, तेव्हा अनेक घरांतील स्त्रियांची झोप रोज एका प्रहराने वाढली असेल.

जात्यानंतर पाणी. या टापूत पाण्याची मोठी विचित्र तऱ्हा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा जाड थर साचलेला आहे. पावसाचे पाणी त्यात झरझर मुरते आणि फार खोल जाते. त्यामुळे पायथ्याच्या गावांत पाणी गोड, पण विहिरी अतिशय खोल. काही कोस दक्षिणेस पूर्णेकडे उतरले की पाणी वर लागते, परंतु ते खारट. यालाच खारपाणपट्टा म्हणतात. त्या पाण्यात डाळ शिजत नाही व तहान भागत नाही; आणि अलीकडे मूत्रपिंडाच्या विकारांमुळे त्या पट्ट्यातील गावांचे नाव वारंवार ऐकू येत असते. म्हणजे डोंगराकडच्या बाईला लांब दोर ओढावा लागे, आणि मैदानाकडच्या बाईला गोड्या पाण्यासाठी लांब चालावे लागे. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणून, वाटीवाटीने पाणी भरून, घागर चुंबळीवर ठेवून ती घरी आणीत असे. घरातील पुरुष आंघोळीला किती पाणी घेतात याचा हिशेब घागरी वाहणाऱ्या स्त्रीइतका कोणाला ठाऊक असेल!

त्यानंतर शेत. वऱ्हाडच्या शेतीत स्त्री मदतीला म्हणून जात नसे. तिच्यावाचून शेती होतच नसे. मृग लागला की सरकी शेणमातीत चोळून सुटी करावयाची, म्हणजे ती एकमेकींस चिकटत नाही. पुरुष बैल हाकी. त्याच्या मागून हातात सरते धरून दाणा सोडीत जाणारी स्त्री. दाणा दाट पडला तर बी वाया, विरळ पडला तर पीक वाया. तेव्हा वर्षाचे भवितव्य तिच्या मुठीत असे म्हटले तरी चालेल. मग निंदण. श्रावणाच्या झडीत, काळ्या चिकण मातीत बसून, ओळीने पुढे सरकत, विळ्याने तण काढावयाचे. तान्हे मूल बांधाच्या झाडाला टांगलेल्या झोळीत. साप-विंचू पायाखाली. डोंगराच्या कडेला रानडुकरांची धाड. ज्वारी निसवली की माळ्यावर बसून गोफण फिरवावयाची.

दिवाळीच्या सुमारास कापूस फुटे. वेचणीस आरंभ करण्यापूर्वी शेतात ‘सीतादही’ करण्याची चाल वऱ्हाडात आहे. दहीभाताचा नैवेद्य कापसाच्या झाडांना दाखवून वेचणाऱ्या स्त्रिया धुऱ्यावर पूजा करतात. भूमीतून निघालेल्या आणि वनवास भोगलेल्या सीतेचे नाव या स्त्रियांनी आपल्या कामाला द्यावे, यात फार अर्थ आहे. वेचणीची मजुरी पूर्वी बहुधा वेचलेल्या कापसाच्या वाट्यात मिळे. बोंडाची टोके बोटांत शिरून रक्त येई. ओटी भरली की ढिगावर रिकामी करून पुन्हा ओळीत. तो कापूस बैलगाडीने खामगावास, तेथून आगगाडीने मुंबईस आणि तेथून बोटीने लँकेशायरला जाई. जगाच्या बाजारपेठेचे एक टोक या बोटांना बांधलेले होते.

या व्यापाराने स्त्रीचे सुख वाढले काय, याचे उत्तर दुहेरी आहे. गावात पैसा खेळू लागला. बाजारातून पितळेची भांडी आली. काही अंगांवर चांदी चढली. परंतु पूर्वी घरोघर हातरेच्यावर सरकी काढण्याचे आणि चरख्यावर सूत काढण्याचे जे काम होते, ते वाफेच्या कारखान्यांनी व विलायती सुताने नेले. घरी बसून मिळणारे विधवेचे चार पैसे गेले. कापसाचा भाव पडला की सावकाराच्या वहीत नवऱ्याचा अंगठा उठे, आणि बायकोच्या अंगावरची चांदी तिच्या नकळत उतरण्याची वेळ येई.

सोनाळ्याच्या उत्तरेस, डोंगरात, दुसरी एक स्त्री होती. ती कोरकू, भिलाल अथवा निहाल. मैदानातील लोक आपल्याला सीमेवरचे समजतात. पण तिच्या दृष्टीने सीमा तिच्याकडे चालत आली. कोरकू भाषा मुंडा कुळातील असून त्या कुळाची ती पश्चिमेकडील शेवटची शाखा होय. निहाली तर त्याहून आश्चर्यकारक. जामोद, वसाली, अंबाबरवा या बाजूच्या थोड्या वस्त्यांतून ती बोलली जाते आणि जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. डच पंडित कुइपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भाषा पंडितांमुळे जिवंत राहत नसते. आई लेकराला ज्या बोलीत निजविते ती जिवंत राहते. सोनाळ्याच्या बाजारात मोह, चारोळी आणि डिंक घेऊन उतरणाऱ्या, मोलभाव मराठीत करणाऱ्या आणि घरी परतल्यावर आपल्या बोलीत बोलणाऱ्या स्त्रियांनी ही ठेव सांभाळली.

तिचा दिवसही पहाटेच सुरू होई. उन्हाळ्याच्या आरंभी मोहाची फुले रात्री गळतात. गुरे व अस्वले येण्यापूर्वी ती वेचली पाहिजेत. पावसाळ्यात कोदो-कुटकीची लहानशी शेती; तुटवड्याच्या दिवसांत कंदमुळे. कोणता कंद किती वेळा उकळला म्हणजे त्याचा कडवटपणा व विष जाते, हे शास्त्र आईकडून मुलीकडे येई. इ. स. १८६६ च्या सुमारास मेळघाटचे रान सरकारने राखीव केले, पुढे जंगलाचे कायदे कडक झाले. आणि कालपर्यंत जी मोळी घरची होती ती आज गुन्हा ठरली. नाकेदाराला तोंड द्यावे लागे ते बहुधा मोळी वाहणाऱ्या स्त्रीला.

आजार हा दोघींचाही वैरी. पायथ्याच्या गावांत पाऊस सरता सरता हिवताप येई. बाळंतपण सुइणीच्या हातचे आणि दैवाच्या भरवशाचे. आश्विनात भुलाबाईची गाणी म्हणणारी पोर पुढच्या आश्विनात सासरी असे, आणि त्यापुढच्या दोनतीन वर्षांत बाजेवर. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा असावे असा कायदा १९२९ साली झाला, तोही दीर्घकाळ कागदावरच राहिला. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाने मध्यप्रांत-वऱ्हाडात हाहाकार केला. हिंदुस्थानात त्या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. रोग्यांची शुश्रूषा करणारी तीच, आणि ती पडली म्हणजे तिला पाणी देणारे कोणी नाही, हे त्याचे एक कारण सांगतात.

सर्वांत कठोर कसोटी १८९९ सालच्या अवर्षणाची. तीन वर्षांपूर्वीच्या टंचाईतून रयत सावरते न सावरते तोच पाऊस पुन्हा दडी मारून बसला. विहिरी आटल्या, कडबा संपला, गुरे दावणीला मेली. लोक तरोट्याचा पाला शिजवून खाऊ लागले. सरकारने रस्त्यांची व तलावांची कामे काढली आणि त्या कामांवर स्त्रियांची रीघ लागली. कालपर्यंत स्वतःच्या शेतात निंदणाऱ्या बाया खडी फोडू लागल्या, मातीच्या टोपल्या वाहू लागल्या. खोदणाऱ्याला जी मजुरी, तिच्याहून वाहणारीला कमी. आणि वाहणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. अशा मजुरीत स्वतःचा घास मोडून मुलाला द्यावयाचा, ही गोष्ट कोणत्या अहवालाच्या रकान्यात बसणार? १९०१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या २७ लाख ५४ हजारांवर उतरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट १ लाख ४३ हजारांची घट.

एवढे सोसणाऱ्या स्त्रीने कधी तक्रार केली नाही, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. ती सवय खोटी ठरविणारी एक स्त्री याच जिल्ह्यात होऊन गेली. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीस होते व सत्यशोधक विचारांचे होते. इ. स. १८८२ साली ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. सुरतेच्या एका विधवेवर चाललेल्या खटल्याच्या निमित्ताने त्यांनी पुरुषांना रोखठोक जाब विचारला: जे दोष स्त्रीच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय? त्या काळी वृत्तपत्रकारांनी त्यांची अवहेलना केली. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. शहरातल्या शिकलेल्या स्त्रीच्या लेखणीतून ते उतरले हे खरे. परंतु त्यातला प्रश्न शेताच्या बांधावर आणि विहिरीच्या काठावर आधीपासून उभा होता.

तो प्रश्न अखेर एका साध्या गोष्टीपाशी येतो. ज्या जमिनीत तिने बी सोडले, तण काढले, पीक वेचले, त्या जमिनीच्या खात्यावर नाव कोणाचे? मोजणीनंतर खाती बांधली गेली ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाने. पती वारला आणि मुलगा अज्ञान असला तर क्वचित विधवेचे नाव लागे, आणि तेही भाऊबंदांशी झगडून. अमेरिकेच्या १८६२ च्या कायद्याने अविवाहित स्त्रीला किंवा विधवेला स्वतःच्या नावावर जमीन मागता येत होती. संसारी पत्नीला मात्र तेथेही बहुधा हा लाभ नव्हता. आपल्याकडे १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हक्क मिळाला, १९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रीचा हक्क पूर्ण झाला, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीस आली. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरविले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या नावाने, जमिनीच्या उताऱ्यावर बायकोचे नाव लावा, अशी हाक गावोगाव दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर डोंगरातील जमिनीचा हक्क पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदावा असे ठरवून दिले. नाकेदारापुढे मोळी टाकून उभ्या राहिलेल्या स्त्रीच्या नातीचे नाव सरकारी कागदावर यावयास असे जवळजवळ दीड शतक लागले.

आज सोनाळ्याच्या परिसराचे रूप पालटले आहे. वान नदीवर धरण झाले असून त्याचे पाणी नळाने मैदानातील कित्येक गावांस जाते. अंबाबरव्याचे रान १९९७ साली अभयारण्य झाले. वाघासाठी रान मोकळे करताना डोंगरातील काही कुटुंबांना पायथ्याशी येऊन पुन्हा नवी चूल मांडावी लागली आहे. म्हणजे सीमेवर पहिली चूल मांडण्याचे काम अजून संपलेले नाही, आणि ते अद्याप स्त्रीच्याच वाट्याला येते.

जुन्या घरांच्या ओसरीवर किंवा परसात जात्याची पाळी उलटी पडलेली दिसते. पोरे तिच्यावर बसतात, कोणी तिचा पायरीसारखा उपयोग करते. दगड मध्यभागी झिजून गुळगुळीत झालेला असतो. किल्ल्याच्या दगडावर कोरलेला शिलालेख वाचावयास विद्वान येतात, ते योग्यच आहे. या दगडावर अक्षरे नाहीत; पण तीन-चार पिढ्यांच्या हातांनी तो झिजवला आहे. घरातील वृद्ध स्त्रियांना त्या हातांची नावे अजून आठवत असतील, तोवर कोणीतरी ती विचारून लिहून ठेवावीत.